मी त्या सभेला नव्हते

माझ्या सेवापुस्तकात एक शेरा आहे. ‘फिरती दैनंदिनीत असत्य नोंद केल्याबद्दल लेखी ताकीद देण्यात येत आहे.’ खाली साहेबांची सही, गोल शिक्का आणि ‘वाचले’ म्हणून माझी सही. आमच्या घरात सरकारी नोकरीला लागलेली मी पहिली सून, आणि शेरा मिळवणारीही पहिलीच. त्यामुळे लग्नाकार्यात पाहुणे जेवून सैलावले की कुणीतरी पुतण्या हमखास म्हणतो, ‘काकू, ते शेऱ्याचं सांगा ना.’ मी दोन मिनिटं आढेवेढे घेते. मग सांगते. सांगताना माझी मान आपोआप ताठ होते आणि नवरा लांबूनच म्हणतो, ‘शेरा मिळालाय, मेडल नाही.’

तर मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी. विस्तार म्हणजे नक्की काय, हे सासूबाईंना मी नोकरीला लागल्यापासून समजावते आहे. त्या माझ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघतात आणि म्हणतात, ‘कळला.’ नोकरी सगळी शहापूर आणि मुरबाड या दोनच तालुक्यांत झाली. ही गोष्ट त्यांतल्या कुठल्या गावची, ते सांगणार नाही. ज्यांना कळेल त्यांनी गालातल्या गालात हसावं आणि गप्प बसावं.

माझ्या टेबलावर येतात त्या तक्रारी: सरपंचांच्या, उपसरपंचांच्या, ग्रामसेवकांच्या. ग्रामसेवकांना आता मोठं नवीन नाव मिळालंय, पण गावात अजून कुणी ते उच्चारत नाही, मीही नाही. सरपंचांनी सार्वजनिक बोअरवेल स्वतःच्या अंगणात मारली. ग्रामपंचायतीचा टीव्ही उपसरपंचांच्या घरात ‘दुरुस्तीला’ आहे, दोन वर्षं. ग्रामसेवक दाखला देताना गावठी कोंबडीची चौकशी करतात. असल्या तक्रारींची मी चौकशी करते, दोन्ही बाजूंचे जबाब घेते, अहवाल लिहिते. चौकशीला गेले की दोन्ही बाजूंच्या घरचा चहा घ्यायचा नाही, पाणीसुद्धा आपल्या बाटलीतलं प्यायचं, असा माझा नियम. त्या नियमाचा मला फार अभिमान होता. नव्या लोकांना मी तो सांगायचे, न विचारता.

आता म्हसा गावच्या जत्रेकडे येते, कारण सगळं तिथेच बिघडलं.

पौषातली ती जत्रा म्हणजे आमच्याकडे काय असतं हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. बैलांचा बाजार, घोंगड्यांचे ढीग, पाळणे, आणि दोन्ही तालुक्यांतली माणसं. जत्रेच्या पहिल्या दिवशी गावागावात कुलपं असतात. राखणीला कुत्रं ठेवलं तर तेही मागोमाग चालत येतं. त्या वर्षी सासूबाईंना घोंगडी हवी होती. जुनी होती, चांगली होती, पण ती घेतली तेव्हा मी या घरात नव्हते आणि ‘सुनंनं घेतलेली’ एक पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कचेरीत आढावा बैठक, म्हणून पहिल्याच दिवशी जायचं ठरलं. रजा मागितली असती तर साहेबांनी नुसतं वर बघितलं असतं, आणि त्यांचं ते वर बघणं मला सोसत नाही. म्हणून मी रजा मागितलीच नाही. माझी फिरतीची नोकरी. आज कुठल्या गावी होते ते मीच माझ्या दैनंदिनीत लिहायचं. लिहू काहीतरी, म्हटलं.

सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही जिलेबीच्या दुकानासमोर उभ्या होतो. सासूबाईंच्या खांद्यावर नवी घोंगडी, पौषातल्या उन्हातसुद्धा, कारण घेतली हे दिसलं पाहिजे. तेवढ्यात समोरून एक ग्रामसेवक आले. बरोबर त्यांच्या गावचे सरपंच. सरपंचांना बैलजोडी घ्यायची होती आणि ग्रामसेवकांना सरपंचांबरोबर असायचं होतं.

‘म्याडम, तुम्ही इथं?’

मी इतकी दचकले की खरं बोलायच्या ऐवजी विनोद केला. ‘मी इथं कुठंय? मी आज तुमच्या ग्रामपंचायतीत आहे. दप्तर तपासतेय.’

ग्रामसेवक असे हसले की बघत राहावं. ‘मग चहा तरी घ्यायचा आमच्याकडं! बरं, जिलेबी घ्या.’ आणि पाव किलोचा पुडा त्यांनी सासूबाईंच्या हातात ठेवला. आम्ही खाल्ली. तेव्हा चौकशी नव्हती, म्हणून नियम नव्हता. त्या आठवड्यात ते काही कामानं तालुक्याला आले तेव्हा त्यांच्या ग्रामपंचायतीचं भेटबुक, म्हणजे आलेल्या अधिकाऱ्यांनी नोंद करायची वही, घेऊनच आले. मी त्यात जत्रेच्या दिवसाची तारीख घातली, ‘दप्तर पाहिले, समाधानकारक’ असं लिहिलं आणि सही ठोकली. दैनंदिनीतही तेच उतरवलं. झालं. असं करणारी मी पहिली नव्हते, आणि मला ते चुकीचं वगैरे वाटलंही नाही. खरं सांगते.

वैशाखात एक बाई माझ्या टेबलाशी आली.

वय पन्नाशीचं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला अर्ज. त्याच गावच्या ओढ्यापलीकडच्या वाडीतली. त्या वाडीतल्या लोकांना जमिनी नाहीत. दिवाळी झाली की घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात आणि वैशाखात परततात. तीही भट्टीवरूनच आलेली, नखांत अजून लाल माती. अर्ज अंगणवाडीच्या सेविकेनं लिहून दिला होता. थोडक्यात असा: वाडीसाठी ओढ्यावर साकव मंजूर झाला होता. साकव म्हणजे माणसांना चालत पार होता येईल एवढा लहान पूल. मोजमाप झालं, चुन्याच्या खुणा पडल्या. लोक भट्टीवर गेले. परत येऊन बघतात तर खडी पडलेली दुसरीकडेच, वरच्या अंगाला, शहरातल्या कुणाच्या फार्महाऊसच्या रस्त्यावर. ग्रामपंचायतीत विचारलं तर ग्रामसेवकांनी ठराव वाचून दाखवला: ग्रामसभेनं साकवाची जागा बदलली, आणि ठरावाला अनुमोदन दिलं खुद्द वाडीतल्या या बाईनं. खाली तिचा अंगठा.

‘वाडी माज्याशी बोलत नाय,’ ती म्हणाली. ‘म्हनतात, हिनं साकव इकला. बाय, मी भट्टीवं व्हते. माजा नाव त्या कागदावून काड.’

साकव परत दे, असं ती पहिल्यांदा म्हणालीच नाही. नाव काढ, म्हणाली.

मी तिला माझ्या नेहमीच्या चौकशी-आवाजात ‘बघते’ म्हणाले. बघते हा आमच्या खात्यातला सगळ्यात मोठा शब्द. त्यात कितीही वर्षं मावतात. मग ग्रामसेवकांना दप्तर घेऊन बोलावलं.

ग्रामसभेचं इतिवृत्त उघडलं. तारीख वाचली आणि हसूच आलं. जत्रेचा पहिला दिवस! सभा सकाळी अकराला, गणपूर्ती झालेली, शंभरावर माणसं हजर. त्या दिवशी त्या गावात शंभर कोंबड्या सापडल्या नसत्या. म्हटलं, सापडला. चोर स्वतःच्या पायानं चालत आलाय. पान उलटलं. शेवटची ओळ होती: ‘सभेस मा. विस्तार अधिकारी यांनी सदिच्छा भेट देऊन समाधान व्यक्त केले.’

माझं हसू कुठे गेलं ते मला अजून सापडलेलं नाही.

आता सगळं लख्ख दिसलं. मागची तारीख घालून एक सभा कागदावर उभी करायची होती. तारीख कुठली घालावी? भेटबुकात एका दिवशी तालुक्याच्या अधिकाऱ्याची सही होतीच. तीच तारीख उचलली. माझी सही असलेल्या दिवशी सभा दाखवली की सभेवर कोण शंका घेणार? सहीच्या भरवशावर ते एकच गोष्ट विसरले, की तो दिवस जत्रेचा. माझ्या खोट्याच्या खुंटीला त्यांनी आपलं खोटं टांगलं होतं, आणि खुंटी चांगली भक्कम होती, कारण मी अक्षर फार सुबक काढते.

‘जत्रेच्या दिवशी गावात माणसं कशी?’ मी विचारलं. 

‘जत्रेला भट्टीवरची माणसं घरी येतात ना म्याडम, म्हणून तर तोच दिवस धरला.’ ते अगदी मऊ बोलत होते. ‘आता सभा झालीच नाही म्हटलं, तर तुमची भेटपण झाली नाही असं होतं. मला आपलं तुमचंच वाईट वाटतं.’

बाईचा अंगठा खरा की खोटा, हे तपासायला पाठवता आलं असतं. पण असला तपास येईपर्यंत दोन पावसाळे जातात, आणि खडी पडलेली होती. तोवर साकव फार्महाऊसच्या रस्त्यावर उभा राहून त्याचं उद्घाटनही झालं असतं. गावातलं कुणी सरपंचांच्या विरुद्ध जबाब देणार नव्हतं, सगळी भावकी. भट्टीचा मालक लिहून देणार नव्हता की ही माणसं माझ्याकडे होती. म्हणजे त्या दिवशी अकरा वाजता ग्रामसेवक आणि सरपंच सभेत नव्हते, जत्रेत होते, हे सांगणारं खात्रीचं माणूस एकच. आणि त्या माणसाच्या दैनंदिनीत लिहिलेलं होतं की ते माणूस त्या गावात दप्तर तपासत होतं.

दोन दिवस मी सर्दीचं सोंग केलं. तिसऱ्या दिवशी वाडीवर गेले, कारण तक्रारदाराचा जबाब घ्यायचाच होता आणि माझं नाक एव्हाना खरंच वाहायला लागलं होतं.

स्कूटर ओढ्याच्या अलीकडे लावली. वैशाखात ओढा म्हणजे नुसते धोंडे. त्यातून उतरताना मी दोनदा बसले; एकदा ठरवून, एकदा न ठरवता. पण आषाढात इथून गुरंसुद्धा पलीकडे जात नाहीत. पावसाळ्याचे चार महिने वाडीतली पोरं शाळेच्या पटावर असतात, शाळेत नसतात. चुन्याच्या खुणा अजून दिसत होत्या, पुसट.

बाईचं घर आणि तिच्या जावेचं घर एका अंगणात. अंगणाच्या मधोमध काट्यांचं नवं कुंपण घातलेलं, काटे अजून हिरवे. कुंपणापलीकडे जाऊ मोहाची फुलं वाळत घालत होती. आम्ही आल्यावर तिनं पाठ केली, पण गेली नाही.

‘पानी घेशील? नको घेऊ,’ बाई स्वतःच म्हणाली. ‘तुजा नियम हाये म्हनतात.’

माझ्या नियमाची कीर्ती ओढा ओलांडून गेलेली बघून एरवी मला बरं वाटलं असतं. मी कागद काढला, नाव लिहिलं, वय अंदाजानं लिहिलं. तर तीच मला विचारायला लागली.

‘बाय, तालुक्याला दुसरा साहेब पन हाये ना? मी तुज्याकडंच का आले, सांगू?’

‘का?’

‘त्या कागदात तुजा बी नाव हाये. ग्रामसेवकानं वाचला तवा मी आयकला. तू व्हतीस सबंला. मंग तूच सांग ना सगळ्यांना. तू बगला असशील, मी नव्हते ती.’

मी पेनाचं टोपण लावलं. उघडलं. परत लावलं.

कुंपणापलीकडून जाऊ म्हणाली, पाठ न वळवता, ‘ती काय सांगल गो? मोट्यांचा मोट्यांना ठावा.’

पंधरा वर्षं मी लोकांचे जबाब घेतले. माणूस खरं सांगायच्या आधी कसा खाली बघतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. आता मी माझ्या चपलेकडे बघत होते. एक पट्टा धोंड्यात तुटलेला.

‘मी तिथे नव्हते,’ मी म्हणाले.

‘म्हंजी?’

‘म्हणजे मी पण नव्हते सभेला. मी जत्रेत होते. घरी खोटं… कचेरीत खोटं लिहिलं, की तुमच्या गावात आहे म्हणून. त्या सहीवरच त्यांनी ही सभा दाखवली.’

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता शिव्या. तर ती हसायलाच लागली. तोंडावर पदर घेऊन, अंग हलवत.

‘तू नव्हतीस, मी नव्हते, ग्रामसेवक नव्हता, सरपंच नव्हता! अगो, मंग सबा केली कोनी?’

जावेची पाठ एकदा हलली. हसली की खोकली, ते मला तेव्हा कळलं नाही.

मग बाई हसायची थांबली आणि म्हणाली, ‘ह्या मला सांगतस त्या कागदावं लिवशील?’

या वेळी मी ‘बघते’ म्हणाले नाही. कौतुक करू नका, मी काहीच म्हणाले नाही. तुटकी चप्पल हातात घेऊन ओढा उतरले.

घरी आले तेव्हा सासूबाई मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि वाल सोलता सोलता सगळं सांगितलं. त्या मधे एकदाही बोलल्या नाहीत, हे आमच्या घरात पूर्वी घडलेलं नाही. शेवटी म्हणाल्या, ‘म्हंजी तू चोर धराया गेलीस नि तूच घावलीस.’

‘हो.’

‘आता लिवलास तर नोकरी जायल?’

‘नोकरी जाणार नाही. शेरा मिळेल. बढती हुकेल कदाचित.’

‘नि नाय लिवलास तर?’

‘तर त्या बाईचं नाव तसंच राहील.’

त्यांनी एक वाल उचलला, साल काढली, डाळिंबी ताटात टाकली. ‘बढती मिळून अजून किती इस्तार करायचाय तुला?’ आणि पुढचा वाल उचलत, ‘नि गो, एकटी तू काय म्हनून? मी बी होते ना जत्रंला. मला ने साक्षीला. जिलेबी मी खाल्ली हाये त्याची, मला सगळा आठवतंय.’

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर उभी राहिले. साहेब तरुण, परीक्षा देऊन थेट आलेले, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. मी सगळं सांगितलं. त्यांनी वर बघितलं. तेच ते वर बघणं, ज्याच्या भीतीनं मी रजा मागितली नव्हती. आणि गंमत म्हणजे, त्यात काही नव्हतंच. चष्मा घसरलेला होता, एवढंच.

‘मॅडम, हे लेखी देणार तुम्ही?’

‘हो.’

‘तारीख लिहिताना चूक झाली, असंही लिहिता येईल. भेट दुसऱ्या कुठल्यातरी दिवशी होती, वगैरे. मग तुमच्यावर काही येत नाही.’ भला माणूस. मनापासून सांगत होता.

इथे माझे पुतणे दर वेळी विचारतात, ‘मग तुम्ही काय म्हणालात काकू?’ त्यांना वाटतं मी काहीतरी बाणेदार बोलले असेन. मी पेन घेतलं आणि ‘तारीख लिहिताना’ एवढे दोन शब्द लिहिलेसुद्धा. सुबक अक्षरात. मग थांबले. भेट दुसऱ्याच कुठल्या दिवशी होती म्हटलं, तर जत्रेच्या दिवशी मी गावात नव्हते एवढंच ठरेल. मी जत्रेत होते आणि मला तिथे कोण दिसलं, ते सांगायची वाटच बंद; जत्रेत होते म्हटलं की दैनंदिनीतलं खोटं उघडं. साहेबांच्या मनात हे आलं नव्हतं. मी ते दोन शब्द खोडले आणि खाली लिहिलं: ‘मी त्या सभेला नव्हते. त्या वेळी मी म्हसा येथे जत्रेत होते. माझी दैनंदिनी व भेटबुकातील नोंद असत्य आहे. सरपंच व ग्रामसेवक मला सकाळी अकराच्या सुमारास तेथेच भेटले.’

चार वाक्यं. पंधरा वर्षांच्या नोकरीत मी इतका छोटा अहवाल लिहिलेला नव्हता.

चौकशी अर्थातच माझ्याकडून काढून दुसऱ्या अधिकाऱ्यांकडे दिली. निवृत्तीला आलेले, कानात केस, प्रत्येक शब्द मोठ्यानं उच्चारून लिहिणारे. माझा जबाब त्यांनी कचेरीतच घेतला. बाकावर तक्रारदार बाई, ग्रामसेवक, सरपंच, सगळे ऐकत.

‘त्या-दिवशी-आपण-कोठे-होता?’

‘जिलेबीच्या दुकानासमोर.’

‘प्रयोजन?’

‘सासूबाईंची घोंगडी.’

‘घोंगडीचे-प्रयोजन-असताना-जिलेबीच्या-दुकानासमोर-का?’

बाकावरून हसण्याचा आवाज आला. ‘जिलेबी कुणी दिली?’ या प्रश्नाला उत्तर देताना माझे कान तापले. चहा न पिण्याबद्दल मी ज्या ज्या नव्या माणसाला व्याख्यान दिलं होतं, त्यांतले तिघं खिडकीशी उभे होते.

मग सासूबाईंना बोलावलं. त्या ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. वय विचारल्यावर म्हणाल्या, ‘लिव तुला वाटंल ता.’ आणि प्रश्नाची वाट न बघता ग्रामसेवकांकडे वळल्या. ‘काय रे, तूच ना मला पुडा दिलास? नि ह्यो तुजा सरपंच बैलाचं दात बघत व्हता. मी त्याला बोलले, तांबडा घेऊ नको, लाथा मारतो. घेतला का रे तांबडा?’

सरपंच गडबडले. ‘नाही, ढवळा घेतला,’ असं त्यांच्या तोंडून निघून गेलं.

अधिकाऱ्यांनी मोठ्यानं म्हणत लिहून घेतलं: ‘ढवळा-घेतला.’ पौषातल्या त्या सकाळी सरपंच कुठे होते, याचा याहून पक्का पुरावा त्या फायलीत दुसरा नाही.

पुढचं खात्यानं केलं. काम थांबलं, ठराव रद्द झाला, ग्रामसेवक निलंबित झाले, सरपंचांचं प्रकरण वर गेलं. माझा शेरा आला. तो आला त्या दिवशी मी पेढे नाही वाटले, पण सासूबाईंनी नैवेद्याला शिरा केला, आणि का केला ते आजूबाजूच्या चार घरांत स्वतः जाऊन सांगितलं: ‘आमच्या सुनंला शेरा मिळाला.’ लोकांनी अभिनंदन केलं. मी दुरुस्त केलं नाही.

नवी ग्रामसभा वाडीतच घ्यायची ठरली, वाडी भट्टीवर जायच्या आधी, भाद्रपदाच्या शेवटी. मला तिथे काही काम नव्हतं. मी रीतसर रजेचा अर्ज देऊन गेले. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं आणि या खेपेला मी एकदाच बसले. बसायला सतरंजी होती, अध्यक्षांना खुर्ची. गावातली माणसं एका अंगाला, वाडीतली एका अंगाला. बाई सगळ्यांत मागे, एकटी, जिथे बसून लगेच उठून जाता येतं तिथे. ठराव रद्द झालेला सगळ्यांना कळला होता. पण कागद रद्द झाला म्हणून माणसं बोलायला लागतात असं नाही. अंगणातलं कुंपण तसंच होतं, काटे आता वाळलेले.

नव्या ग्रामसेविका होत्या, अगदी पोरसवदा. त्यांनी साकवाचा ठराव वाचला: पूर्वीच्याच जागी, चुन्याच्या खुणांपाशी. सूचक म्हणून अंगणवाडीच्या सेविकेनं हात वर केला.

‘अनुमोदक?’

 त्या एका शब्दानं वाडीत वैशाखापासून काय केलं होतं, ते ग्रामसेविकांना माहीत नव्हतं. त्यांनी परत विचारलं. ‘अनुमोदक कोण? एक नाव लागेल.’ माणसं सतरंजीच्या दशा ओढत बसली. बाई मागे मान खाली घालून होती. मला वाटलं ती उठून जाणार. तिनं एक हात जमिनीला टेकवलाही होता.

तेवढ्यात तिची जाऊ उभी राहिली. कमरेला पदर खोचलेला, जणू भांडायलाच.

‘हिचा लिवा,’ ती म्हणाली आणि मागे न बघता अंगठ्यानं मागे दाखवलं. ‘मागच्या खेपंला न इचारता लिवलावता. आता इचारून लिवा.’

ग्रामसेविकांनी मागे बघितलं. ‘मावशी, लिहू का तुमचं नाव?’

बाई उभी राहिली. हाताची माती तिनं पदराला पुसली. मग म्हणाली, ‘लिव. पन आदी वाचून दाव, मी कशाला हो म्हनते ती.’

ठराव पुन्हा वाचला गेला, अख्खा, पहिल्या शब्दापासून. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, ‘हां. आता लिव.’ ग्रामसेविकांनी तिचं नाव विचारलं. तिनं सांगितलं: स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव, अख्खं. इतक्या मोठ्यानं सांगितलं की ओढ्यापलीकडे गुरं राखणाऱ्या कुणा बाईनं वळून बघितलं.